सोबत एक खवला पाठवतोय

तल्लीताल, नैनीताल
१६ जानेवारी

प्रिय सदा,

सप्रेम नमस्कार.

पाकीट जपून उघड. आत पातळ कागदात गुंडाळलेला एक खवला आहे. तो आधी बाजूला काढून चष्म्याच्या पेटीत ठेव आणि मग वाचायला बस. खवल्याची हकिगत शेवटी सांगतो. पत्र लांबणार आहे, चहा घेऊनच बस.

परवा फोनवर तू म्हणालास, "रोज त्या तळ्याला फेरी मारतोस, त्यात एवढं काय आहे?" त्याचं उत्तर फोनवर देता येईना, म्हणून हा कागद घेतला. दिवाळीनंतर मुलीकडे आलो त्याला आता तीन महिने होत आले. नात शाळेत गेली की मी बाहेर पडतो आणि तासाभरात पाण्याला प्रदक्षिणा घालून परत येतो. एवढंच तळं आहे हे. लांबी सुमारे चौदाशे मीटर, रुंदी साडेचारशेच्या आसपास, सगळं मिळून ४८ हेक्टर. आपल्या मापानं सव्वाशे एकरांच्या आत. पण उंची बघ, समुद्रसपाटीपासून १,९३८ मीटर. रायगडावर दुसरा रायगड ठेवला तरी हे पाणी त्याच्यावर आणखी तीनशे मीटर राहील.

महाडात वाढलेल्या माणसाला तळं म्हणजे काय हे शिकवायला नको. पण चवदार तळं माणसानं बांधलेलं, आणि वाळणचा कोंड नदीनं खडक पोखरून केलेला. डोंगरानं स्वतःच्या हालचालीनं अडवून धरलेलं पाणी मी या वयात पहिल्यांदा पाहिलं. तीस वर्षं मी फळ्यावर दोन रेघा ओढून मुलांना प्रस्तरभंग, म्हणजे खडकाला चीर पडून तिच्या दोन्ही बाजू सरकणं, शिकवला. एक रेघ वर, एक रेघ खाली, मधे बाण. इथे त्या रेघेवर उभा राहिलो. तळ्याच्या लांबीतून, वायव्येकडून आग्नेयेकडे, तसाच एक भंग गेलेला आहे. पूर्वी इथून एक ओढा वाहत होता. भंगाच्या बाजूची जमीन सरकली, खालच्या अंगाला उंचवटा आला, ओढ्याची वाट बंद झाली आणि मागे पाणी साठत गेलं. पाण्याच्या आतही एक आडवा उंचवटा आहे. वरून काही दिसत नाही, पण त्यानं तळ्याचे दोन खोलगट भाग केले आहेत. सगळ्यात खोल जागा २७ मीटर, म्हणजे आठ-नऊ मजली इमारत उभीच्या उभी बुडेल.

वरच्या टोकाला मल्लीताल म्हणतात, खालच्या टोकाला तल्लीताल. आपली वरची आळी आणि खालची आळी तशी. मल्लीतालला नैनादेवीचं देऊळ आहे. सतीचे डोळे इथे पडले म्हणून तळ्याचं नाव नैनी, आणि वरच्या कड्यावरून पाहिलं तर आकारही डोळ्यासारखाच वाटतो. नाववाले मात्र आंब्यासारखा म्हणतात. मला त्यांचं जास्त पटतं, देठाकडची बाजूसुद्धा बरोबर जमते. तल्लीतालच्या टोकाला पूल आहे, त्याला इथे 'डांठ' म्हणतात. त्याच्याखाली दारं आहेत. पावसाळ्यात तळं भरलं की ती उघडतात, आणि पाणी बलिया नाल्यातून खाली उड्या घेत गौला नदीला मिळतं. तो नाला नीट लक्षात ठेव, त्याच्याकडे पुन्हा यायचं आहे.

तळ्याला नदी मिळत नाही. पाऊस आणि भोवतालच्या उतारांवरचे नाले यांच्यावर ते जगतं, आणि त्याहूनही अधिक जमिनीखालून झिरपून येणाऱ्या पाण्यावर. इथला खडक चुनखडीचा आणि पाटीच्या दगडाचा, भेगाळलेला. मल्लीतालच्या वर सुखाताल नावाची एक खोलगट जागा आहे. ती पावसाळ्यात भरते आणि नंतर कोरडी पडते, म्हणून नाव सुखाताल. कोरडी म्हणून कुणाला तिचं मोल वाटलं नाही. कडेनं घरं आली, वर भराव पडला. पण तिथे मुरलेलं पाणीच भेगांतून उतरून महिनोन्महिने खालच्या तळ्याला येत राहतं. २०१६ आणि २०१७च्या उन्हाळ्यात नैनीतालचं पाणी इतकं खाली गेलं, की काठाकाठानं गाळाचे त्रिकोण उघडे पडले. मुलं तिथे क्रिकेट खेळत होती, असं नाववाले सांगतात. शहराला प्यायचं पाणीही यातूनच जातं, हे लक्षात घेतलंस म्हणजे काळजी कळेल. मी सुखातालला मुद्दाम दोनदा जाऊन आलो. भुईसपाट, रिकामी जागा. माझ्या मते या सगळ्या डोंगरात सगळ्यात महत्त्वाची जागा तीच आहे.

एक गोष्ट सांगायला मन तयार होत नव्हतं, पण तुला सांगितली नाही तर कुणाला सांगू? देवळाजवळ मोठं सपाट मैदान आहे, मुलं तिथे फुटबॉल खेळतात. अशा चहूबाजूंनी उभ्या डोंगरात एवढी सपाट जागा आली कुठून, म्हणून मी विचारलं. १८ सप्टेंबर १८८०. दोन दिवस धो धो पाऊस झाला होता. उत्तरेचा उतार सुटून खाली आला, हॉटेल आणि देवीचं देऊळ त्याच्याखाली गेलं, १५१ माणसं गेली. मैदानाचा बराचसा भाग म्हणजे त्या दिवशी आलेला डोंगर आहे. देऊळ नंतर पुन्हा बांधलं. हे ऐकत असताना मला २०२१चा २२ जुलै आठवत होता, दरडीखाली गेलेलं आपलं तळिये. तू त्या रात्री चिखलातून जितका पुढे जाता येईल तितका गेला होतास. आपण त्यावर नंतर कधी बोललो नाही. इथल्या लोकांनी त्या दरडीनंतर सगळ्या उतारांवर दगडी नाले बांधून काढले. पाणी डोंगरात मुरून माती फुगण्याआधीच त्याला बांधलेल्या वाटेनं खाली आणायचं, हा हेतू. ते नाले आजही काम करतात. म्हणजे जिथे कुठे मुरेल तिथे पाणी मुरू द्यायचं नाही, आणि सुखातालला मात्र मुरूच द्यायचं. एकाच डोंगरात दोन्ही गोष्टी सांभाळायच्या आहेत.

आता मासे.

नोव्हेंबरात पहिल्यांदा देवळाच्या पायऱ्यांवरून खाली पाहिलं आणि तिथेच बसलो. पाण्यात दीड-दीड हात लांबीचे मासे सावकाश फिरत होते. पाठ हिरवट काळी, बाजू पिवळ्या सोन्यासारखी, खवले मोठाले, ओठ जाड, तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या. वाळणकोंड! वरदायिनीच्या कोंडावर आपण चुरमुरे टाकायचो तेव्हा तळातून जे वर यायचे, तेच अंग, तोच शांतपणा. एक क्षण मला तुझा लहानपणचा आवाज ऐकू आला, "दिनू, हात घालू नको, देवीचे आहेत."

तेच, पण अगदी तेच नव्हेत. इथला तो सोनेरी महाशीर, हिमालयाच्या पायथ्याच्या नद्यांमधला. आपला खडशी त्याचा सख्खा चुलत भाऊ, सह्याद्रीतला. आपल्या माशाचं शास्त्रीय नाव 'टोर खुद्री'. १८३९ साली सायक्स नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून ते प्रसिद्ध केलं, आणि नाव घेतलं ते आपल्या लोकांच्या तोंडचं, जसं त्याच्या कानाला ऐकू आलं तसं. जगात कुठल्याही देशातला मत्स्यशास्त्रज्ञ त्या माशाचं नाव घेतो तेव्हा एक मराठी शब्द उच्चारतो. हे कळलं त्या दिवशी मी नातीला ते नाव दहादा म्हणायला लावलं.

महाशिराच्या जबड्यात दात नसतात, ते असतात घशात. शेवाळ, किडे, गोगलगाई, फळं, छोटे मासे, सगळं गिळायचं आणि आत भरडायचं. पण त्याची खरी ओळख त्याच्या चढण्यात आहे. पावसाळा लागला, नद्यांना पाणी आलं, की तो प्रवाहाविरुद्ध वर निघतो. स्वच्छ, वाहत्या, गोट्यांच्या पाण्यात अंडी घालतो. अंडी पिवळी, जड, पडली की गोट्यांच्या फटीत जाऊन बसतात. त्यांच्यावरून पाणी सतत वाहतं राहिलं तरच जगतात. चढणीचे मासे आपण पाहिलेत. पहिल्या पावसात काळ नदीच्या पाण्यात रात्री बत्ती घेऊन उभे राहायचो, तेव्हा मला वाटायचं की ते पाण्याबरोबर वाहत येतात. ते पाण्याच्या उलट येत असतात, हे तू मला दाखवलंस.

आता बलिया नाला आठव. तळ्यातून गौलेला जाणारी ती एकच वाट, आणि ती इतकी उभी आणि ढासळती, की खालून एवढं वर कुठला मासा येणार? एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी खालच्या नदीतले महाशीर आणून कुमाऊंच्या या तळ्यांत सोडले. म्हणजे देवळाशी फिरणारे हे सोनेरी मासे या पाण्यात जगू शकतात, वाढू शकतात, पण जन्माला यायला त्यांना जे हवं ते इथे नाही. वाहता गोट्यांचा ओढा नाही. जे नाले येतात ते बांधलेले, वर्षातले बरेच महिने कोरडे.

त्यांच्या जोडीला असेला होता. डोंगरातला थंड पाण्याचा मासा, बारीक खवल्यांचा, दगडावरचं शेवाळ खरवडून खाणारा. त्यालाही वाहतं पाणीच लागतं. आता तळ्यात तो जवळजवळ दिसत नाही. जागा घेतली ती बाहेरून आणलेल्या सायप्रिनस कार्प माशानं. त्याला ओढा लागत नाही. साचलेल्या पाण्यात, काठच्या वनस्पतींवर तो अंडी चिकटवतो आणि बघता बघता वाढतो. डासांच्या अळ्या खायला म्हणून गंबुशिया नावाचा छोटा मासा सोडला. तो अळ्यांबरोबर पाण्यातले सूक्ष्म जीवही खातो, आणि ते जीव हिरवं शेवाळ खाऊन पाणी स्वच्छ ठेवत होते. ते कमी झाले, पाणी हिरवं झालं. पुढे पंतनगरच्या कृषी विद्यापीठातल्या लोकांनी गंबुशिया काढून महाशीर पुन्हा सोडण्याचं काम हाती घेतलं. गंबुशिया बोटाच्या दोन पेरांएवढा असतो, सदा, आणि त्यानं अख्ख्या तळ्याचा रंग बदलला. पायऱ्यांवर उभं राहून पाव टाकणाऱ्या माणसांना हे कोणीतरी सांगायला हवं. माशांना खायला घालू नका असे फलक आहेत. मी दोन-तीन जणांना थांबवलंही. एका लहान मुलीनं माझं ऐकलं आणि पिशवी परत वडिलांच्या हातात दिली.

मागच्या महिन्यात भीमतालला गेलो होतो. ते तळं खाली, १,३७० मीटरच्या आसपास, आणि मोठं. मधे बेट आहे, एका टोकाला १८८३चा दगडी बांध. तिथे शीतजल मत्स्य संशोधनाची केंद्रीय संस्था आहे, आणि महाशिराची उबवणी. हंगाम नव्हता, ट्रे रिकामे होते. तरी तिथल्या एकानं मला सगळं नीट समजावून सांगितलं. पिकलेली मादी रात्री जाळ्यात धरायची, पोटावरून हलक्या हातानं अंडी काढायची, नराचं बीज मिसळायचं आणि मग अंडी ट्रेमध्ये पसरून त्यांच्यावरून पाणी सोडायचं. चोवीस तास. पाणी थांबलं तर संपलं. साडेतीन-चार दिवसांत पिल्लू बाहेर येतं, मग जिऱ्याएवढी पिल्लं, म्हणून त्यांना जिरे म्हणतात, मग बोटाएवढी बोटुकली. तळ्यात पाळतात त्या कटला माशाच्या मानानं महाशीर अंडी फार थोडी देतो, वाढतोही हळू. मी त्या रिकाम्या ट्रेवरून पाण्याची धार जाताना पाहत उभा राहिलो. डोंगरानं जो ओढा द्यायचा, तो इथे माणसं नळातून देत होती. मला ते बघून वाईटही वाटलं, आणि त्या माणसांविषयी फार आदरही वाटला.

आपल्याकडे लोणावळ्याला हेच काम खडशीसाठी १९७०च्या दशकापासून चाललंय, टाटांच्या वळवणच्या तळ्यावर. तिथली बोटुकली देशभर गेली. त्यात कावेरीलाही गेली, आणि तिथे आपला खडशी इतका फोफावला, की कावेरीतला मूळचा मोठ्या कुबडाचा महाशीर मागे पडला. आज तो नामशेष होण्याच्या अगदी काठावर आहे. खडशीवर माझं किती प्रेम आहे तुला माहीत आहे, तरी हे वाचल्यापासून मी म्हणतोय, मासा त्याच्या नदीतच वाढवावा. प्रेमानं नेलेला मासाही दुसऱ्याचं घर मोडतो.

आणि त्याच्या नदीत ठेवायचा तर काय लागतं, ते आपण नववीत असताना पाहिलं. कोंडाच्या खाली, देवीची हद्द संपते तिथे, कुणीतरी जिलेटिनची कांडी टाकली होती. सकाळी पाण्यावर पांढरी पोटं. टाकणाऱ्यानं मोठे तेवढे नेले, बाकीचे तसेच. तू पाण्यात उतरून एकेक उलटा करून पाहत होतास, एखादा हलतोय का म्हणून. वर कोंडात शंभर पावलांवर सगळे सुखरूप होते, कारण तिथे हात लावायचा नाही हे लोकांच्या मनात आहे. सरकारी फलक तिथे नव्हताच. इथे नलदमयंती ताल म्हणून एक छोटं तळं आहे, तिथेही तसंच. लोक मासे धरत नाहीत. हजार मैलांवरच्या दोन पाण्यांत एकच नियम.

आता थंडीतली गोष्ट, म्हणजे तुला खवला कळेल. उन्हाळाभर तळ्याचे थर होतात. वर कोमट हलकं पाणी, खाली थंड जड. दोघांची भेट होत नाही. खाली जे मरतं, सडतं, ते तिथला प्राणवायू खाऊन टाकतं, आणि तळाशी घाणेरड्या वासाचं, जीव गुदमरवणारं पाणी साठतं. हिवाळ्यात वरचं पाणी गार होऊन जड होतं, खाली बसतं, आणि सगळं तळं ढवळून निघतं. इथे तळं गोठत नाही, पण ढवळतं. ते खालचं पाणी वर आलं की मासे मरतात. पूर्वी हिवाळ्यात काठाला मेलेल्या माशांची रास लागायची. २००७पासून तळाशी नळ्या टाकून काठावरच्या यंत्रांनी हवा सोडतात. नावेतून जाताना मधे मधे पाणी उकळल्यासारखं बुडबुडतं, ते तेच. तेव्हापासून रास लागत नाही. एखादा-दुसरा मात्र अजून वर येतो.

मकरसंक्रांतीला इथे घुघुतिया असतो. आदल्या दिवशी कणकेचे गोड आकार तळून माळा करतात, आणि सकाळी मुलं त्या गळ्यात घालून कावळ्यांना हाका मारतात, "काले कौवा, काले!" आपण कावळ्याला पितरांसाठी बोलावतो, हे सणाला बोलावतात. नातीला माळ घालून मी डांठापर्यंत घेऊन गेलो. तिथे कावळे जमले होते, पण माळेसाठी नव्हे. काठाच्या दगडांत एक महाशीर पडला होता. दीड हाताच्या वरचा. डोळे अजून स्वच्छ, बाजूचं सोनं तसंच. मला दाज्यू, म्हणजे थोरला भाऊ, म्हणू देणारा एक म्हातारा नाववाला तिथे होता. त्यानं कावळे हाकलले, माशाला दोन्ही हातांनी उचलून बाजूला घेतलं आणि म्हणाला, "ये पुराना था." नातीनं विचारलं, किती जुना? त्यावर त्यानं बाजूचा एक खवला निघाला होता तो उचलून तिच्या हातावर ठेवला.

घरी आणून धुतला, वाळवला, भिंगाखाली धरला. सदा, झाडाच्या खोडासारखी वलयं आहेत त्यावर. थंडीत माशाची वाढ मंदावते, रेषा दाट येतात. उन्हाळ्या-पावसाळ्यात वाढतो, रेषा विरळ होतात. दाट पट्टा म्हणजे एक हिवाळा. नातीनं आणि मी वेगवेगळे मोजले. तिचे अकरा आले, माझे बारा.

तुझ्याकडे कंपासपेटीत वाळणकोंडाचा एक खवला होता. तू तो पाण्याच्या काठाला सापडला म्हणून घेतला होतास, आणि देवीचा आहे म्हणून कधी कुणाला दाखवत नव्हतास. मला मात्र दाखवला होतास. ती पेटी माळ्यावर असेल तर बघ. असेल तर दोन्ही शेजारी ठेवून भिंग घे. कोकणात पाणी एवढं गार होत नाही, तेव्हा आपल्या खवल्यावर दाट पट्टे फिकट असणार, कदाचित मोजताच येणार नाहीत. तरी उजेडात धरून बघ. आणि माझ्या खवल्याचे हिवाळे तूही मोज, अकरा की बारा, ते लगेच कळव. इथे एक परीक्षक वाट बघत बसली आहे.

वहिनींना नमस्कार. गुडघ्याला तेल लावत जा.

तुझा,
दिनू